वळवाच्या वाऱ्यात तंबू का उडतात? स्वस्त, हलका टेन्ट डोंगरात किती झेलतो, ते समजून घ्या

अकोले : मे महिन्याचा शेवटचा आठवडा. काजव्यांचा सिझन. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी शनिवारी दुपारीच तंबूंची रांग उभी राहते. पाहुणे अजून घोटी नाहीतर राजूरच्या रस्त्याला असतात. चार वाजेपर्यंत अंग भाजणारं ऊन असतं आणि मग डोंगराच्या मागून काळं आभाळ वर येतं. आधी गार वाऱ्याचा एक झोत येतो, पाठोपाठ धुळीचा लोट. रिकामे तंबू खुंट्यांसकट उचलले जातात आणि गोल गोल फिरत पाण्याच्या दिशेने जातात. पोरं मागे धावतात. पावसाचा पहिला थेंब पडतो तो यानंतर.

डोंगरात तंबू भाड्याने देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रसंग एकदा तरी पाहिलेला असतो. नंतर फाटलेला तंबू हातात घेऊन जो तो म्हणतो, दुकानदाराने तर वॉटरप्रूफ सांगितला होता. तंबू वॉटरप्रूफ होताही. तो पावसाने गेलाच नाही, तो वाऱ्याने गेला.

शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी, बारी, पाचनई अशा गावांत भाताच्या एका पिकाला जोड म्हणून अनेक घरांनी हा धंदा धरला आहे. दोन माणसांचा हलका तंबू दीड ते तीन हजारांत ऑनलाइन मिळतो. एका माणसाला तीन-चार तंबू पाठीवर घेऊन हरिश्चंद्रगडही चढता येतो. म्हणून सगळे हाच तंबू घेतात, आणि त्यात काही चूक नाही. चूक होते ती त्याची हद्द न ओळखण्यात. हा तंबू काय झेलतो, काय झेलत नाही आणि तो केव्हा सोडून द्यायचा, हे माहीत असलं तर तंबू वाचतो आणि माणूसही वाचतो.

तीन प्रकारचं वाईट हवामान

आपल्या डोंगरात तंबूला तीन वेगवेगळ्या गोष्टी त्रास देतात आणि प्रत्येकीची मोडण्याची पद्धत वेगळी असते.

पहिला वळीव. एप्रिल-मेपासून मान्सून येईपर्यंत तो कधीही येतो आणि तास-दोन तासांत निघून जातो. त्यात वारा आणि वीज जास्त. वळीव तंबू मोडतो.

दुसरी झड. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून आला की पश्चिमेचा वारा आणि संततधार दिवस-दिवस थांबत नाही. घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. झड तंबू भिजवते, खालून आणि शिवणीतून.

तिसरी हिवाळ्यातली थंडी आणि दव. यात वारा नसतो, पाऊस नसतो, तरी सकाळी पाहुणा सांगतो की तंबू गळला. तो गळलेला नसतो, त्याला आतून घाम आलेला असतो.

स्वस्त तंबूत असतं काय?

कापड असतं पातळ पॉलिस्टर. त्यावर १७० टी किंवा १९० टी असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक चौरस इंचात आडवे-उभे मिळून तेवढे धागे. या कापडाला आतून पीयू नावाच्या प्लास्टिकचा पातळ लेप असतो. पाणी अडवतो तो लेप, कापड नव्हे.

उभा राहण्यासाठी दोन लवचिक काड्या एकमेकींवरून तिरक्या जातात. स्वस्त तंबूत त्या फायबरच्या असतात, जाडी बहुधा सात ते साडेआठ मिलिमीटर. महागाच्या तंबूत ॲल्युमिनियमच्या काड्या येतात. फायबर वाकतं तोवर छान वाकतं. एकदा हद्द संपली की उभं चिरतं आणि त्याचे बारीक तुकडे हातात घुसतात. ॲल्युमिनियमची काडी वाकडी होते, पण बऱ्याचदा रात्र निभावून नेते.

सोबत येणाऱ्या खुंट्या म्हणजे वाकवलेल्या तारेचे वीतभर तुकडे. आणि वरचं पावसाचं कव्हर बरेचदा टोपीएवढंच असतं. माथा झाकतं, पण बाजूची कापडं उघडी ठेवतं. सरळ पडणाऱ्या पावसाला टोपी पुरते. आपल्याकडे घाटमाथ्यावर पाऊस सरळ पडतच नाही. म्हणून घेतानाच कव्हर जमिनीपर्यंत येतं का, ते बघावं. ऑनलाइन फोटोत हे दिसतं.

उघडताच आपोआप फुलणारे पॉप-अप तंबू लावायला सोपे असतात, पण वाऱ्यात सगळ्यात आधी तेच लोळण घेतात. घरामागच्या अंगणात ठीक. कड्यावर, खिंडीत नको.

मिलिमीटरचा आकडा : पावसाचा नाही, दाबाचा

तंबूच्या जाहिरातीत १००० मिमी, २००० मिमी, ३००० मिमी असे आकडे असतात. अनेकांना वाटतं की एवढा पाऊस तो झेलेल. तसं नाही. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच होईपर्यंत थेंब पलीकडे येत नाही, त्याची ही उंची आहे. १००० मिमी म्हणजे एक मीटर उंच पाण्याचा दाब.

नुसत्या पावसाच्या थेंबाला नव्या कापडाचा १५०० मिमीचा लेप साधारण पुरतो. अडचण येते तळाला. साठ-सत्तर किलोचा माणूस दोन्ही गुडघे टेकून बसला तर एका गुडघ्यावर तीस-पस्तीस किलो वजन येतं आणि ते तळहाताएवढ्या जागेत पडतं. त्या दाबाचा हिशेब केला तर तो तीन-साडेतीन मीटर उंच पाण्याएवढा, म्हणजे ३००० मिमीच्या पुढे जातो. जमीन ओली असेल तर तिथूनच पाणी वर येतं. म्हणून वरच्या कव्हरपेक्षा तळाचा आकडा जास्त असायला हवा. नसेल तर आत जाड सतरंजी किंवा फोमची गादी टाकावी. दाब पसरला की पाणी कमी येतं.

दुसरी गळकी जागा शिवण. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट. चांगल्या तंबूत शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. नवीन तंबू आला की पाहुणा येण्याआधी अंगणात लावावा आणि पाइपने किंवा झारीने वरून अर्धा तास पाणी सोडावं. आत बॅटरी घेऊन बसलेल्या माणसाला थेंब कुठून येतो ते लगेच दिसतं. तिथे शिवणीला लावायचं सीलर मिळतं, ते लावून एक दिवस वाळू द्यायचं. हे काम डोंगरावर अंधारात होत नाही.

खालून येणारं पाणी

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी पाऊस म्हणजे मुसळधार. ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अति मुसळधार. १०० मिमी पाऊस पडला तर एक चौरस मीटरवर १०० लिटर पाणी पडतं. दोन मीटर बाय दोन मीटरच्या तंबूवर ४०० लिटर, म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपं. हे फक्त तंबूवर पडलेलं. वरच्या उतारावरून वाहत येणारं पाणी वेगळं.

त्यामुळे वापराआधी शेतकऱ्याच्या नजरेने जागा बघायची. इथे पाणी कुठून येईल आणि कुठे साचेल? खाचराच्या तळात तंबू लावला तर तो खाचरातल्या भातासारखाच पाण्यात उभा राहणार. बांधावरची किंवा किंचित उताराची, वरच्या बाजूला ओहळ नसलेली जागा बरी. आपल्या मालकीच्या रानात वरच्या अंगाला छोटा चर काढता येतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत मात्र खोदकाम करू नये, आणि मुक्कामाचे नियम आधी वनविभागाकडे विचारून घ्यावेत.

तंबूखाली ताडपत्री टाकायची असेल तर ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आतच हवी. बाहेर आली तर पावसाचं पाणी ताडपत्रीवर साठून थेट तंबूखाली शिरतं. अनेक ठिकाणी तंबू गळतो अशी तक्रार असते, तिथे दोष या बाहेर आलेल्या ताडपत्रीचा असतो.

मे महिन्यात जलाशयाचं पाणी उतरलेलं असतं आणि उघडी पडलेली गाळाची जमीन सपाट दिसते. तंबूला ती मोहात पाडते. पण कोरड्या गाळात खुंटी सैल बसते आणि ओल्या गाळात ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघते.

आतला घाम

माणूस झोपेत श्वासातून आणि अंगातून रात्रभरात ग्लासभर तरी पाणी बाहेर टाकतो. दोन-तीन माणसं आत असली आणि सगळ्या चेनी बंद असल्या की ही वाफ थंड कापडाला लागून थेंब होते. वाऱ्याने कापड हललं की तेच थेंब अंगावर पडतात.

यावर उपाय साधा आहे. वरची जाळी झाकू नये, दाराची चेन वरून वीतभर उघडी ठेवावी, आतलं कापड आणि वरचं कव्हर यांत हाताचा पंजा जाईल एवढं अंतर ठेवावं. ओले कपडे, ओले बूट बाहेर ठेवावेत. गादी कापडाला टेकू देऊ नये.

थंडी किंवा पाऊस आहे म्हणून तंबूत कोळशाची शेगडी, स्टोव्ह, मेणबत्ती कधीही नेऊ नये. पॉलिस्टर क्षणात पेटतं आणि अंगाला चिकटतं. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. तसंच घरातून वायर ओढून तंबूत बल्ब देण्याची पद्धत पावसाळी हवेत धोक्याची आहे. उघडा जोड ओल्या गवतात पडलेला असतो. चार्जिंगचे दिवे वापरावेत.

वाऱ्याचा हिशेब : वेग दुप्पट, दाब चौपट

आता मूळ दुखणं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटर वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर साधारण साडेसात किलो येतो. ताशी ६० ला तो सतरा किलो होतो. ताशी ८० ला एकतीस.

दोन माणसांच्या तंबूची एक बाजू दीड चौरस मीटर धरली तर ४० च्या वाऱ्यात तिच्यावर अकरा-बारा किलो जोर येतो, ६० ला सव्वीस आणि ८० ला सेहेचाळीस किलोच्या आसपास. तंबू गोलसर असला तर थोडा कमी, पण अंदाज यातून येतो. म्हणजे खताच्या भरल्या गोणीएवढा रेटा, आणि अडवायला आहेत चार वीतभर तारा.

हवामान खात्याच्या इशाऱ्यात मेघगर्जनेसह ताशी ४० ते ५० किंवा ५० ते ६० किलोमीटर वेगाचे वारे असे शब्द येतात. तो आकडा वाचताना हा हिशेब आठवावा. ४० पर्यंत नीट बांधलेला स्वस्त तंबू बहुतेक वेळा टिकतो. ५० च्या पुढे त्याच्या जिवावर माणसं झोपवू नयेत.

वळवाचा वारा अचानक का येतो? ढगातून पाऊस कोसळू लागला की सोबत थंड, जड हवा वेगाने खाली येते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. ती पावसाच्या पुढे धावते. म्हणून गार झोत आला याचा अर्थ वादळ येणार असा नसतो, ते पोचलेलं असतं. आणि हा वारा नेहमीच्या पश्चिमेकडून येईलच असं नाही.

डोंगराचा आकारही वारा वाढवतो. दोन टेकड्यांमधल्या खिंडीत वारा चेपला जातो आणि वेग घेतो. कोकणकड्यासारख्या ठिकाणी खालून वर येणारा वारा तंबूच्या तळाखाली शिरतो आणि त्याला उचलतो. कळसूबाईचा माथा १६४६ मीटरवर आहे. तिथे अडवायला झाड नाही, भिंत नाही. गावात झुळूक असते तेव्हा वर बोलणं ऐकू येत नाही. शिवाय दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं. भिजलेला माणूस वाऱ्यात बसला तर मे महिन्यातही हुडहुडी भरून आजारी पडू शकतो.

बांधणी अशी करावी

घाटमाथ्यावरच्या लोकांना हे शिकवायची गरज नाही. पावसाळ्याआधी घराची पश्चिमेची भिंत झाकायची, इरलं वाऱ्याकडे पाठ करून धरायचं, हे पिढ्यांचं ज्ञान आहे. तेच तंबूला लावायचं.

बुटकी, अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार वाऱ्याच्या आडोशाला. रुंद बाजू वाऱ्याला दिली तर तंबूचं शीड होतं.

सोबतच्या तारा घरी ठेवाव्यात. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून आठ किंवा दहा मिलिमीटर सळईच्या फूट-दीड फुटी मेखा करून घ्याव्यात, डोक्याला वळवून कडी केलेल्या. मंडपवाले हेच वापरतात. मेख तंबूपासून बाहेरच्या बाजूला तिरकी कलवून ठोकायची. म्हणजे दोरी ओढेल तशी ती रुतते. सरळ ठोकली तर उपटून निघते. वर आलेलं टोक दगडाने झाकावं, रात्री पायात येतं.

कातळावर मेख जात नाही. तिथे खताच्या रिकाम्या गोणीत माती-दगड भरून तिला दोरी बांधावी. पण गोणी जमिनीवरून घसरते, वजनाच्या निम्म्याएवढाच रेटा ती धरते. म्हणून वाऱ्याच्या बाजूला एकीच्या जागी दोन गोण्या.

चार कोपरे रोवले म्हणजे तंबू बांधला, असं होत नाही. कव्हरला मध्यावर ज्या कड्या असतात, त्यांतून दोऱ्या काढून लांब ताणाव्यात. वाऱ्याचा निम्मा भार त्या दोऱ्या घेतात. बहुतेक तंबूंत या दोऱ्या पिशवीतच गुंडाळलेल्या राहतात. कव्हरच्या आतून ती जागा काडीला बांधायची नाडी असते, ती बांधली तर ओढ कापडावर न येता काडीवर येते.

नायलॉनची दोरी भिजली की सैल पडते, म्हणून पाऊस सुरू झाल्यावर एकदा फेरी मारून ती ताणावी. सुती दोरी उलट भिजली की आखडते आणि खुंटी ओढते. तिला थोडी ढील द्यावी.

पाहुणा येईपर्यंत तंबू रिकामा उभा ठेवू नये. आत वजन नसलेला तंबू आधी उडतो. एक तर पाहुणे आल्यावर उभा करावा, नाहीतर चारी कोपऱ्यांत आतून दगड ठेवावेत, कापडात गुंडाळून. तंबूवर मोठी ताडपत्री ताणायची असेल तर ती पावसापुरती. वारा सुटला की आधी ताडपत्री उतरवायची, नाहीतर ती खांबासकट तंबूवर येते.

झाडाखालची जागा सावलीची असते, वादळात मात्र ती वाईट. वाळलेली फांदी वरून दिसत नाही, पडल्यावर दिसते.

विजेपुढे तंबू म्हणजे काहीच नाही

ही गोष्ट किमतीवर अवलंबून नाही. पाचशेचा असो की पन्नास हजारांचा, तंबू विजेपासून वाचवत नाही. काड्या फायबरच्या आहेत म्हणून धोका नाही, हा समज खोटा आहे.

वीज चमकली की आकडे मोजायचे. आवाज एका किलोमीटरला साधारण तीन सेकंद घेतो. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा सगळ्यांना तंबूतून काढून पक्क्या घरात किंवा काचा लावलेल्या, पत्र्याच्या टपाच्या गाडीत बसवायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. झाड, उघडी शेड, गुहेचं तोंड ही आडोशाची ठिकाणं नव्हेत. गडावर असाल आणि घर जवळ नसेल तर निदान माथा, कडा आणि एकटं झाड सोडून खालच्या अंगाला यावं, घोळका करू नये, पाय जुळवून उकिडवं बसावं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर मोफत आहे. आजूबाजूला वीज पडण्याची शक्यता ते दाखवतं. मात्र दऱ्याखोऱ्यांत रेंज जाते, म्हणून डोळे आणि कान यांच्यावरच शेवटी भरवसा. दुपारी निघण्याआधी, रेंज असताना, जिल्ह्याचा इशारा बघावा. ऑरेंज किंवा रेड असेल तर त्या दिवशी वरचा मुक्काम घेऊच नये.

आडवा तंबू मोडत नाही

वारा वाढत चालला, दोऱ्या वाजू लागल्या, काड्या आत वाकू लागल्या, की बरेच जण आत शिरून काड्यांना हाताने आधार देत बसतात. तंबूही जातो आणि माणूसही धोक्यात राहतो.

त्यापेक्षा तंबू पाडावा. माणसं घरात नेऊन बसवायची. मग दोघांनी मिळून वाऱ्याच्या बाजूच्या मेखा तशाच ठेवून काड्या काढून घ्यायच्या, कापड जमिनीवर आडवं करायचं आणि वर दगड ठेवायचे. एका तंबूला मिनिट-दोन मिनिटं लागतात. आडव्या तंबूला वारा धरत नाही. वादळ गेलं की पुन्हा काड्या घातल्या की तंबू उभा.

यासाठी घराची पडवी, ओसरी किंवा एखादा हॉल आधीच मोकळा हवा. जेवढे पाहुणे तंबूत, तेवढ्यांना पाठ टेकायला छताखाली जागा, हा नियम प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यावा. दहा तंबू आणि दोन माणसांची ओसरी, हा हिशेब वळवाच्या रात्री उघडा पडतो. रस्ता अंधारात सापडावा म्हणून तंबूपासून घरापर्यंत चुन्याची फक्की किंवा दिवे लावून ठेवावेत.

पाहुणे वाद घालतात. पैसे तंबूचे दिले, घरात का झोपू, असं म्हणतात. म्हणून बुकिंग घेतानाच फोनवर सांगून ठेवावं, की वारा सुटला किंवा वीज चमकली तर घरात यावं लागेल आणि तिथे यजमानाचा शब्द शेवटचा असेल. आधी सांगितलं की भांडण होत नाही. उलट रात्री ओसरीवर गरम पिठलं-भाकरी खाल्लेला पाहुणा पुढच्या वर्षी परत येतो.

सिझन संपल्यावर

ऑक्टोबरपासून मेपर्यंत उन्हात उभा ठेवलेला तंबू दिसायला धड असतो, पण उन्हाने कापड कुजतं. अंगठा आणि बोट यांत धरून ते हलकं ताणावं. टरकलं तर तो तंबू पाहुण्याला द्यायचा नाही. त्याचं कापड कांद्यावर झाकायला कामी येईल.

ओला तंबू गुंडाळून ठेवला तर बुरशी धरते आणि काही महिन्यांत आतला लेप चिकट होऊन आंबट वास मारतो. असा लेप एकदा सुटला की पाणी अडत नाही. म्हणून धुतलेला तंबू सावलीत पूर्ण वाळवावा, सैल घडी करून कोरड्या जागी, उंदरांपासून दूर टांगावा. साबणाची पावडर, ब्रश, वॉशिंग मशीन यांनी लेप जातो. साधं पाणी आणि फडकं बस्स.

फायबरची काडी चिरली तर तिच्यावर बसेल असा वीतभर लोखंडी किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा सरकवून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारावी. असे दोन तुकडे, चिकटपट्टी, जादा दोरी आणि सुई-दोरा एका डब्यात नेहमी सोबत असावं.

थोडक्यात

तंबू घेताना जमिनीपर्यंत येणारं कव्हर, शिवणीवरची पट्टी आणि तळाचा आकडा बघा.

वाचलेले पैसे सळईच्या मेखा आणि चांगल्या दोरीवर घाला.

खिंड, कडा, ओहळ, वाळकं झाड आणि गाळाची जमीन टाळा.

तंबूत विस्तव नको, उघडी वायर नको.

ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्याचा इशारा असेल किंवा विजेचा आवाज तीस सेकंदांच्या आत आला, तर माणसं छताखाली आणि तंबू जमिनीवर.

फाटलेला तंबू पुढच्या आठवड्यात कुरिअरने दुसरा येतो. शनिवारी संध्याकाळी आभाळ भरून आलं, की आधी ओसरी झाडून सतरंज्या काढून ठेवाव्यात.